श्रवणयंत्र : सरकारी कीं विकतचें?



घरांतील वडीलधाऱ्यांना ऐकूं कमी येऊं लागलें कीं प्रथम तें कोणी कबूलच करीत नाहीं. आजोबा म्हणतात, तुम्ही पुटपुटतां; सूनबाई म्हणतात, मामंजींचें लक्ष नसतें. अशीं दोनतीन वर्षें निघून जातात, आणि मग चिरंजीवांना प्रश्न पडतो कीं, श्रवणयंत्र सरकारी योजनेंतून मिळवावें कीं बाजारांतून पैसे मोजून आणावें? आज या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

वयोमानानें येणाऱ्या बहिरेपणांत सर्वच आवाज सारखे मंद होत नाहींत. उंच पट्टीचे ध्वनि आधीं हरपतात, आणि स, श, थ, फ अशा व्यंजनांची ओळख त्या उंच पट्टींतच असते. म्हणून दाराची कडी वाजलेली नीट ऐकूं येते, पण समोरचा 'सात' म्हणाला कीं 'हात', 'थाट' म्हणाला कीं 'ताट', हें कळेनासें होतें. अशा माणसाच्या कानाशीं ओरडून उपयोग नसतो. जेथें उणें आहे तेथेंच, आणि तेवढीच, भर त्याला हवी असते. तपासणीचा आलेख समोर ठेवून ही भर यंत्रांत बसविण्याचें काम श्रवणतज्ज्ञाचें. तें झालें नाहीं तर फुकटचें यंत्र आणि लाखाचें यंत्र दोन्ही सारखींच. दोन्ही शेवटीं कपाटाच्या खणांत जातात.

आतां सरकारी मार्ग पाहूं. केंद्र सरकारची 'अडिप' योजना १९८१ पासूनची आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास यंत्र विनामूल्य, व ३०,००० पर्यंत असल्यास अर्ध्या किंमतींत मिळतें. परंतु उत्पन्नाहूनहि दुसरी अट कडक आहे. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत दोन्ही कानांची श्रवणहानि निदान ६० डेसिबल असेल तरच त्या माणसाची गणना होते. ज्याची हानि ४५ किंवा ५० डेसिबल आहे त्याला चारचौघांतलें संभाषण कळत नाहीं, आणि यंत्राचा उपयोग तर त्याला उत्तम होण्यासारखा असतो. तथापि कायद्याच्या लेखीं त्याचे कान धडधाकट! मला ही मर्यादा अन्यायाची वाटते. वृद्धांसाठीं २०१७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेंत टक्केवारीचा हा अडसर नाहीं, पण ती दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठीं आहे. केंद्र सरकारच्या निवृत्त सेवकांना त्यांच्या आरोग्य योजनेंतून ठराविक मर्यादेपर्यंत खर्च परत मिळतो. ज्यांना तो हक्क आहे त्यांनीं तो सोडूं नये.

सरकारी यंत्र हलकें असतें असा आपल्याकडे एक समज आहे. पूर्वीं खिशांत डबी व कानांत तार असें यंत्र मिळे, त्यावरून तो रूढ झाला असावा. आतां योजनेंतूनहि कानामागें बसणारीं डिजिटल यंत्रें देतात. उणीव असते ती यंत्र दिल्यानंतरच्या काळांत. शिबिरांत एका दिवसांत शेंकडों माणसें उरकावयाचीं असतात. पुढें आवाज कर्कश वाटला, कानाचा साचा टोंचूं लागला, तर जावें कोठें?

या बाबतींत ब्रिटनकडे पाहण्यासारखें आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा जुलै १९४८ मध्यें सुरू झाली, तेव्हांपासून 'मेड्रेस्को' नांवाचें यंत्र मोफत मिळूं लागलें. आज तेथें सरकारी यंत्र उसनें म्हणून देतात, आणि त्याच्या बॅटऱ्या व दुरुस्तीहि मोफत असते. तरीहि कानाच्या आंत दडणारें यंत्र हवें म्हणून, किंवा रांगेंत थांबणें नको म्हणून, कांहीं लोक तेथेंहि खाजगी दुकानाची पायरी चढतात.

आपल्या शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरें वरील अटींच्या बाहेरच पडतील. म्हणून यंत्र विकत घ्यावें लागलें तरी तपासणी सार्वजनिक संस्थेंत करून घ्यावी, असें माझें मत आहे. मुंबईंत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतहि कानाच्या विभागांत ही सोय असते. शुल्क अल्प पडतें, वेळ मात्र जातो. पण तेथें तपासणाऱ्याला आपल्याला कांहीं विकावयाचें नसतें, ही गोष्ट लहान नव्हे. कान वाहत असेल, एकाच कानानें ऐकूं कमी येत असेल, किंवा बहिरेपण एकाएकीं आलें असेल, तर यंत्राची गोष्टच न काढतां तांतडीनें कानाच्या डॉक्टरांकडे जावें. कित्येकदां दोष कानांतील मळाचाच निघतो.

तो आलेख हातांत घेऊन मग दुकानांत जावें. विक्रेता सोळा चॅनेल, बत्तीस चॅनेल असे आंकडे सांगेल. चॅनेल वाढले म्हणजे ऐकूं येणें त्याच प्रमाणांत वाढतें असें नाहीं. एका कानाच्या यंत्राची किंमत पंधरावीस हजारांपासून लाखापलीकडेहि जाते. त्या किंमतींत पुढील जुळवणीच्या किती भेटी धरल्या आहेत, हें आधीं विचारावें. कानांत बारीक नळी घालून पडद्यापाशीं पोंचणारा आवाज मोजतां येतो. तें मापन येथें करतात काय, हेंहि विचारावें. कांहीं दुकानांचीं यंत्रें त्यांच्याच शाखेंत जुळवितां येतात. मुलगा पुण्याला आणि वडील मिरजेला असे राहत असल्यास ही अडचण लहान नाहीं. वडिलांना घेऊनच जावें, व शक्य तर यंत्र कांहीं दिवस घरीं वापरून पाहण्यास मागून घ्यावें. शांत दुकानांत सर्वच यंत्रें चांगलीं वाटतात. घरीं मिक्सर चालू असतां, नातवंडें एकदम बोलत असतां काय होतें तें पाहावें.

शेंपाचशें रुपयांत टपालानें येणारीं यंत्रें सर्वच आवाज सरसकट मोठे करतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. बॅटरी साधारण एकदोन आठवडे पुरते, तो खर्च महिन्याच्या हिशेबांत धरावा. आणि पावसाळ्यांत यंत्र रात्रीं ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें, नाहींतर कोंकणपट्टींतील दमट हवेनें तें लवकर बिघडतें.