लाल सिग्नल आणि माझी कंबर

(गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनियर आहे. कमिटीने मला कंबरदुखीवर बोलायला उभे केले, ते केवळ अनुभवाच्या जोरावर.

2019 च्या विसर्जनाला सगळे मूर्ती उचलायला धावले आणि मी कंबर धरून खुर्चीवर बसून राहिलो. तेव्हा रात्री-अपरात्री फोन, अर्धवट झोप, घरात चिडचिड असे चालले होते. दुखते म्हणून पडून राहायचे आणि पडून राहिल्याने कंबर आणखी आखडायची. "बाबा आज रागावलेत का?" असे मुलगी आईला हळूच विचारायची. ते जास्त लागले.

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, तीन महिन्यांहून जुने दुखणे म्हणजे नवी इजाच असे नाही. नसांची यंत्रणाच हळवी होऊन बसते. मला आमचे ट्रॅक सर्किट आठवले. पावसात खडीत चिखल-पाणी साचले की करंट गळतो आणि रुळावर गाडी नसतानाही सिग्नल लाल! ऑटोमॅटिक सेक्शनमध्ये अशा सिग्नलपाशी ड्रायव्हर दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटे थांबतो आणि मग नजर समोर ठेवून अगदी हळू पुढे जातो.

मात्र रुळावर खरीच गाडी असू शकते. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवर ताबा नसणे, ताप, अशी लक्षणे असली तर आधी डॉक्टरच.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, म्हणून मी पहिल्याच दिवशी बारा घातले आणि दोन दिवस अंथरुणात! मग तेलीबांधा तलावावर रोज 10 मिनिटे चालू लागलो, आठवड्याला थोडी वाढ. तीन आठवडे काहीच फरक नाही. आधी झोप सुधारली, मग चिडचिड कमी झाली, कंबर सर्वांत शेवटी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही 2021 मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुन्या दुखण्यासाठी व्यायाम सुचवला. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन सुरू करू नका म्हटले.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. लांब ड्युटी झाली की कंबर आठवण देतेच. पण गेल्या वर्षी मूर्तीच्या पाटाचा एक कोपरा माझ्या हातात होता. फोटो मुलीने काढलाय, थोडा हललाय.

गणपती बाप्पा मोरया!