हँडसम, देखणा आणि चन्न
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आमच्या घरांतली नातवंडं हल्ली कुणाही देखण्या मुलाला ‘हँडसम’ म्हणतात. त्याची तक्रार करायला आम्ही उभे नाही. पण शब्द घरात आलाच आहे, तर त्याचं गाव विचारून घ्यावं. पाहुण्याला आपण विचारतोच की!

या शब्दात ‘हँड’ म्हणजे हात आहे, आणि ‘सम’ हा विशेषण करणारा प्रत्यय. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ होता हाताळायला सोपं. मग सोयीचं, मग बऱ्यापैकी मोठं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसायला चांगलं, असा तो सरकत गेला. ‘हँडसम पगार’ म्हणताना मधला भरघोस अर्थच आपण बोलतो. हा शब्द फक्त पुरुषांचा, असंही नाही. जेन ऑस्टेननं १८१५ सालच्या ‘एमा’ कादंबरीत नायिकेची ओळख याच विशेषणानं करून दिली आहे.

निपाणीत हात म्हटलं की तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे हात आठवतात. मजुरीसाठी त्या संघटित झाल्या, आणि १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. त्या हातांना हँडसम पगार कधी मिळाला नाही. स्थळं बघताना आपण ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतो, हातांपर्यंत नजर जातच नाही.

मराठीनं डोळाच धरला आहे. देखणं म्हणजे पाहणं. पाहत राहावा असा तो देखणा. ते क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलं, पण देखरेखीत आणि देखाव्यात उरलं. म्हणजे मंडपातला देखावा आणि देखणा नवरदेव ही भावंडंच. घडणीच्या कामाला शब्द वेगळा : सुबक. मूर्ती सुबक, अक्षर सुबक. तरण्या मुलाला कुणी सुबक म्हटलं तर तो रुसेल. हा शब्द फारसीतून आलेला, तिथं ‘सुबुक’ म्हणजे हलका.

‘चांगला’ मात्र उलट वाटेनं चालला. प्राकृतात ‘चंग’ म्हणजे सुंदर. हेमचंद्रानं बाराव्या शतकात देशीनाममालेत तो नोंदवला आहे; पंजाबीतला ‘चंगा’ त्याचाच भाऊ. इंग्रजीत कामाचं होतं ते सुंदर झालं, आपल्याकडं सुंदर होतं ते कामाचं झालं. चांगला पाऊस, चांगली जमीन, चांगला माणूस. आम्हांला ही वाट जास्त पटते.

आता शेजारी बघू. कानडीत ‘चन्न’ म्हणजे सुंदर, आणि चांगलंही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा १८२४ साली कंपनी सरकारशी लढल्या, त्यांच्या नावात हाच शब्द आहे. त्यांच्याआधी आणखी एक चन्नम्मा होऊन गेल्या, केळदीच्या राणी. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीकडं निघाले, औरंगजेबाची फौज मागावर होती, तेव्हा महाराजांना आसरा देण्याची जोखीम या चन्नम्मांनी घेतली.

१९५६ पासून सीमाप्रश्न आपण उराशी धरून आहोत. मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी भांडणं आमच्या पिढीनं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण त्यापायी चन्नम्मा हे नाव आपल्या पोरांना ‘त्यांचं’ वाटावं, हे आम्हांला सोसत नाही. आमच्या आज्या दारावर आलेल्या भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायच्या आणि घरात येऊन मराठीत भाजीला नावं ठेवायच्या. त्यात त्यांचं मराठीपण कुठं उणं झालं नाही.

तर एक विनंती. साजरा, गोमटा, नेटका, ठसठशीत असे रूपाचे शब्द आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोण कशाला वापरायचं तेही विचारा, आणि विसर्जनाच्या आत मंडळाच्या वहीत लिहून द्या. मध्येच एखादा कानडी निघाला, तर तोही लिहा.