आपल्या चिंचेवरचं सारंगागार
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला ‘आवडता लेखक’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. बँकवाला असल्याने वेळेचा हिशेब चोख ठेवीन.

मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापुरात गेले. वय 92. त्याच वर्षी जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. जन्मही सोलापूरचाच, 1932 सालचा. वनखात्यात नोकरी लागली आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हेच त्यांचं घर झालं. उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. पण तुम्हीआम्ही पेन्शन सुरू झाली की पेपर वाचत बसतो, तसे ते बसले नाहीत. लिहीत राहिले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदणं’ ही पुस्तकं त्यांचीच. 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मी साताऱ्याच्या शाखेत असताना त्यांची पुस्तकं हाती आली. मग रविवारी डबा घेऊन कासच्या पठारावर जायचं वेड लागलं. बदलीवर सांगलीला आलो तसं सागरेश्वर पाहिलं. ते तर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं रान! 1985 साली ते अभयारण्य झालं.

एवढं वाचलं, एवढं हिंडलो, आणि तरी माझ्या हातून काय झालं ते आज सांगायचं आहे.

आपल्या गेटजवळच्या चिंचेवर दर पावसाळ्यात बगळे घरटी करायचे. खाली गाड्यांवर घाण पडायची, वासही यायचा. मी खजिनदार होतो. ऐन जुलैत फांद्या उतरवायचा ठराव झाला आणि चेकवर सही मी केली. संध्याकाळी खाली आलो तर पिल्लं चिखलात पडलेली. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “आजोबा, ह्यांचं घर कुणी मोडलं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही.

चितमपल्लींनी रानातल्या गोष्टींना मराठी नावं दिली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. किती देखणा शब्द! मी तो वाचलेला होता. पण आपल्याच दारात ते उभं होतं तेव्हा मीटिंगमध्ये मी त्याला ‘घाण’ म्हणालो. बँकेत नोंद चुकीच्या खात्यात पडली की पुढचा सगळा हिशेब चुकतो, तसंच झालं.

दोन पावसाळे चिंच मुकी होती. या वर्षी पुन्हा चार-पाच घरटी दिसली. बगळ्यांनी आपल्याला माफ केलं म्हणायचं, की त्यांना दुसरी जागाच उरली नाही, देव जाणे.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त एकच मागणं आहे. जून ते ऑक्टोबर त्या चिंचेला कोणी कोयता लावायचा नाही, असा ठराव करा. गाड्यांवर टाकायच्या कव्हरांचा खर्च मी देतो. आणि झाडाखाली एक छोटी पाटी लावा : ‘सारंगागार’. ती रंगवायचं काम त्या मुलीला द्या. आता ती आठवीत आहे.