वांग, लाली आणि प्रकाशाचा उपचार
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चेहऱ्यावरच्या डागांविषयी रेल्वेतला माणूस काय बोलणार, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या काकूंच्या चेहऱ्यावर मला दिसतोच आहे. मी डॉक्टर नव्हे, डिप्लोमा इंजिनिअर. पण गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या पत्नीने वांगाच्या डागांसाठी एका क्लिनिकात सहा बैठकांचे 'पॅकेज' घेतले. तिसऱ्या बैठकीनंतर डाग फिकटले, घरात आनंद. आणि दोन महिन्यांत ते पहिल्यापेक्षा गडद होऊन परतले. पैसे गेले ते गेलेच, पण वहिनी हळदीकुंकवालाही येईनात. तेव्हापासून या यंत्रांत नेमके काय होते, ते मी वाचत आणि विचारत आलो.

काळी छत्री आणि पांढरे धोतर शेजारी वाळत घातले, तर छत्री आधी तापते. यंत्राचे तत्त्व हेच. रंगद्रव्य किंवा रक्त ज्या रंगाचा प्रकाश शोषते तोच द्यायचा, आणि इतका थोडा वेळ, की उष्णता शेजारी पसरण्याआधी काम संपावे. वेल्डिंगमध्ये उष्णता पसरली की शेजारचे लोखंड बिघडते, तसेच हे. अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली हे तत्त्व मांडले. काळ्या डागांसाठी ५३२ किंवा १०६४ नॅनोमीटरचा लेसर, तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. लाल नसांसाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा. 'आयपीएल' म्हणतात तो मात्र लेसर नव्हे. तो झेनॉनचा जबरदस्त फ्लॅश, पुढे सिग्नलच्या दिव्यासारखी गाळणीची काच. त्यात अनेक रंग मिसळलेले असतात.

आता आपली अडचण. लाल नसेपर्यंत पोचायला प्रकाशाला वरचा रंगद्रव्याचा थर ओलांडावा लागतो. गोऱ्या कातडीत तो पातळ. आपल्या सावळ्या कातडीत तोच थर प्रकाश पिऊन टाकतो. मग चटका बसतो, आणि चटक्याच्या जागी नवा काळा डाग. वांगात तर रंग तयार करणाऱ्या पेशीच जास्त चेतलेल्या असतात. उष्णतेने त्या आणखी चेततात. म्हणून वांगावर पहिला उपचार यंत्र नव्हे, तर उन्हापासून बचाव आणि डॉक्टरने दिलेले मलम. साधा दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो, त्यामुळे लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी. बंगळुरू नऊशे मीटर उंचीवर आहे. हवा गार लागते म्हणून ऊन कमी असे आपण समजतो, पण अतिनील किरण हवेचा गारवा पाहत नाहीत.

दुसरी गोष्ट लालीची. गोरे करणारे म्हणून दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे मलम महिनोन्‌महिने लावले की चेहरा लाल होतो, जळजळतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी कपाटात ट्यूब निघतेच. अशा चेहऱ्यावर आधी प्रकाश नको. आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली मलम सोडवायचे.

प्रकाशाने रंग आणताही येतो, हे मला फार आवडले. कोडावर बावची लावून उन्हात बसायची आपली जुनी रीत. आज रुग्णालयांत ३११ नॅनोमीटरचे दिवे वापरतात. बावची मात्र घरी लावू नका, फोड येतात.

क्लिनिकात गेलात तर यंत्राचे नाव विचारा, ते चालवणार कोण ते विचारा. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, तेही. नुकतेच उन्हात हिंडला असाल तर आधी सांगा. आणि कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी करून घ्या. डाग पडतो की नाही ते कळायला काही आठवडे जातात. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल, तर हिशेब आजपासूनच धरावा लागेल.