कोरडी काडी
(हीरक महोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



समारंभाचा आरंभ दीपप्रज्वलनाने होतो. समईत तेल असते, वाती नीट ओढलेल्या असतात, आणि तरीही पुष्कळदा पाहुण्यांच्या हातातील पहिली काडी वातीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विझते. कारण डोक्यावर पंखा फिरत असतो. कोणीतरी लगबगीने पंखा बंद करतो, दुसरी काडी ओढली जाते आणि समई उजळते. या क्षणभराच्या विलंबाचे सभागृहात कोणालाच काही वाटत नाही. परंतु वारा थांबवणारे बटण जवळ नाही, पेटी पावसात भिजली आहे आणि काड्या दोनच उरल्या आहेत, असा प्रसंग आला तर? संकटकाळासाठी बांधून ठेवायच्या पिशवीत आगकाडी कशी ठेवावी, ती कशी पेटवावी आणि केव्हा मुळीच पेटवू नये, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जबलपूरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भेडाघाटला धुवांधारच्या कठड्याशी उभे राहिले, तर भर उन्हाळ्यातही तुषारांनी खिसा ओला होतो. ग्वारीघाटावरून जाणाऱ्या परिक्रमावासीयांचे उदाहरण तर रोजच्या पाहण्यातले आहे. १,३१२ किलोमीटर लांबीच्या नर्मदेला दोन्ही तीरांनी पायी वळसा घालणाऱ्या या यात्रेकरूंना वाटेतील आश्रमांतून पुष्कळदा सदाव्रत मिळते. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ. तो शिजवायचा तर विस्तव हवा. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून टप्प्याटप्प्याने ही पदयात्रा केली. पाठीवर वाहून न्यायच्या ओझ्यात काय घ्यावे आणि काय वगळावे, हा प्रश्न अशा प्रत्येक यात्रेकरूला पडतो; काडेपेटी वगळणारा मात्र विरळाच.

काडी ओली झाली की का पेटत नाही, हे समजण्यासाठी तिची रचना पाहावी लागते. नेहमीची ‘सेफ्टी’ काडी एकटी पेटत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आहे. तिच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट हे प्राणवायू पुरवणारे द्रव्य, गंधक, काचेची पूड आणि सरस असतो; पेटीच्या कडेवरील पट्टीत तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड असते. घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरील फॉस्फरसचा अत्यल्प कण पेट घेतो, तो क्लोरेटला पेटवतो आणि मग मेणात भिजवलेली काडी जळू लागते. आरंभीच्या काड्यांत विषारी पांढरा फॉस्फरस असे. त्याने कारखान्यातील कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत. हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने अशा काड्यांना बंदी झाली. पुढे १९२३ मध्ये ‘विमको’ कंपनी स्थापन झाली आणि महाराष्ट्रात अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास शिवकाशीतही हा धंदा रुजला.

सरस पाणी शोषतो. दमट हवेत गुल मऊ पडते आणि ओढताच खरवडून निघते. पेटीचा पुठ्ठा ओला झाला की पट्टीही पाझरते. म्हणून काडी पेटली नाही की तिलाच दोष देणे बरोबर नव्हे; पुष्कळदा अपराधी असते ती पट्टी. बाजारातील जलरोधक काडीच्या गुलावर रोगणाचा किंवा मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे काडी सुरक्षित राहते; पण तिलाही कोरडी पट्टी लागतेच. दुसरे असे की, जलरोधक काडी वाऱ्यात टिकेलच असे नाही. वाऱ्यापावसासाठी वेगळ्या ‘वादळी’ काड्या मिळतात. त्यांचे गुल काडीच्या बऱ्याच लांबीपर्यंत पसरलेले असते आणि त्यात प्राणवायू देणारे द्रव्य भरपूर असते. त्या फुंकरीने विझत नाहीत. हा त्यांचा गुण आहे आणि धोकाही. वाळल्या पाचोळ्यावर हातातून सुटलेली अशी काडी पायाखाली दाबूनही सहज विझत नाही.

घरच्या घरी काड्या जलरोधक करता येतात. मात्र हे काम मोठ्यांनी करावे. मेणबत्तीचे तुकडे लहान वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेण कधीही थेट ज्योतीवर वितळवू नये आणि काड्या बुडवताना शेगडी बंद असावी. गुल आणि त्याखालचा थोडा भाग मेणात बुडवून लगेच काढावा व काड्या वेगवेगळ्या ठेवून सुकवाव्या. पेटवण्यापूर्वी गुलावरचे मेण नखाने अलगद काढले पाहिजे, नाहीतर ते पट्टीवर चोपडले जाते आणि पुढच्या काड्याही वाया जातात.

काड्या ठेवण्यासाठी घट्ट फिरकीच्या झाकणाची लहान प्लास्टिकची बाटली पुरते. पेटीची पट्टी कापून त्याच बाटलीत ठेवावी. मात्र ती वेगळ्या लहान प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असावी, म्हणजे हिंदकळताना गुल तिच्यावर घासणार नाही. सोबत थोडा कापूस ठेवावा, म्हणजे काड्या खुळखुळत नाहीत आणि वेळेला तोच कापूस पेटवणासाठी उपयोगी पडतो. सगळ्या काड्या एकाच जागी ठेवू नयेत. एक बाटली पिशवीत आणि दुसरी अंगावरच्या खिशात असावी. पिशवी वाहून गेली तरी एक उरते. दर पावसाळ्यापूर्वी त्यातील एक काडी ओढून पाहावी आणि उरलेल्या बदलाव्या. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय येथे चालत नाही. विमानाने येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की, चेक-इन सामानात काड्यापेट्या ठेवण्यास मनाई आहे.

आता पेटवण्याचा क्रम. काडी ही शेवटची पायरी आहे. आधी सगळी मांडणी पूर्ण व्हावी. व्हॅसलीन चोळलेला कापूस, त्यावर बोटाच्या पेराहून बारीक काटक्या, मग जाड काटक्या, आणि हाताशी सरपण. पावसात जमिनीवर पडलेले लाकूड भिजलेले असते. झाडालाच राहिलेल्या सुक्या फांद्या आणि चिरलेल्या लाकडाचा गाभा कोरडा मिळतो. मंडल्याच्या बाजूच्या सालवनात सालाची राळ मिळते आणि ती चांगली जळते. मराठी घरात तर सर्वांत सोयीचे पेटवण देवघरातच असते. कापराची वडी पाण्यावर तरंगतानाही जळते. ती हवेत उडून जाते, म्हणून डबी घट्ट हवी. आणि पोटात गेल्यास कापूर विषारी असतो, म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागू नये. काडी ओढताना वाऱ्याकडे पाठ करावी, गुलाजवळ बोटाचा आधार द्यावा, अंगापासून दूर ओढावे आणि ओंजळीच्या आडोशात गुल किंचित खाली झुकवावे, म्हणजे ज्योत काडीवर चढते. गुलाचा भपका ओसरून लाकूड पेटेपर्यंत थांबले पाहिजे. घाईने पुढे नेलेली काडीच सहसा विझते.

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ लिहिले. बालवीरांच्या एका परीक्षेत दोनच काड्यांत चूल पेटवण्याची अट घातलेली असे. त्या अटीत काटकसरीपेक्षा पूर्वतयारीचा धडा मोठा होता. सातपुड्यात पचमढीला भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, हे या भागातील शाळांना मोठेच साहाय्य आहे.

श्रोते हो, आतापर्यंत काडी पेटवण्याविषयी सांगितले. न पेटवण्याविषयी सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. २२ मे १९९७ च्या रात्री जबलपूर भूकंपाने हादरले. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ती रात्र अंगणात जागून काढली, ते ती विसरलेले नाहीत. अशा रात्री घरात काळोख असेल तर हात नकळत काडेपेटीकडे जातो. नेमके तेव्हाच तिला हात लावू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरची नळी निखळली असेल तर तो जमिनीलगत साचून राहतो, आणि उभ्या माणसाला त्याचा वास उशिरा येतो. तेव्हा काडी नको, दिव्याचे बटणही नको. दारे-खिडक्या उघडाव्यात, शक्य असल्यास रेग्युलेटर बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. म्हणून संकटाच्या पिशवीत काड्यांच्या आधी बॅटरीची जागा आहे. खमरियाच्या आयुधनिर्माणीत ज्यांचे वडील किंवा आजोबा कामाला होते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दारूगोळ्याच्या जागी काडेपेटी बाहेर ठेवूनच आत जायचे असते. जंगलाचेही तसेच. चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवा पेटतो. राखीव वनात विस्तव करण्यावर कायद्याचीही बंधने आहेत. जेथे चूल पेटवली, तेथे ती पाण्याने विझवून राखेत हात घालता येईल इतकी थंड झाल्यावरच जागा सोडावी. एकदा वणवा पेटला, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

पूर्वी घराघरांत निखारा राखेखाली जपला जाई आणि तो विझला तर शेजारून विस्तव मागून आणत. त्या घरातील मूल विस्तवाशी वागण्याची रीत पाहतच मोठे होई. आता गॅसची शेगडी लायटरने पेटते, आणि दहावीपर्यंत एकदाही काडी न ओढलेली मुले सुशिक्षित घरांत आहेत. भीतीपोटी पालक काडेपेटी उंच फळीवर ठेवतात. लहान मुलांच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु चौदा वर्षांच्या मुलामुलीला ती फळीवरून उतरवून देऊन, शेजारी पाण्याची बादली ठेवून, एकदा नीट शिकवणेही पालकाचेच कर्तव्य आहे. जे मूल दोन काड्यांत चूल पेटवू शकते आणि गॅसचा वास येताच काडी खाली ठेवते, त्याला विस्तव कळला असे म्हणता येईल. शाळेने वर्षातून एक दिवस, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मैदानावर हा धडा द्यावा. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक घरात आहे: एक बाटली, थोडे मेण, थोडा कापूस आणि एक काडेपेटी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हे काम येते, त्यांनी त्या दिवशी येऊन मुलांच्या शेजारी बसावे, एवढीच विनंती.