साथ येण्यापूर्वीचे संशोधन
(व्याख्यानाचा मजकूर)



तहान लागल्यावर विहीर खोदू नये, ही शिकवण प्रत्येक घरात वडीलधारी मंडळी देत आली आहेत. पाणी, धान्य आणि पैसा यांच्या बाबतीत समाज ती बऱ्याच अंशी पाळतो. ज्ञानाच्या बाबतीत मात्र तिचा विसर पडतो. साथ आली की खाटा किती, औषधे किती, प्राणवायू किती, याची चौकशी सुरू होते. परंतु 'या रोगावर कोणता उपचार खरोखर गुणकारी आहे, हे ठरविणारी व्यवस्था सिद्ध आहे काय?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजच्या विषयाचे सार या एका प्रश्नात सामावलेले आहे.

प्लेग आणि माकडताप

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. कोलकात्यात पटकीच्या लसीवर काम करीत असलेल्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या सहायकांनिशी त्यांनी अवघ्या काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने लस घेणारे आणि न घेणारे कैदी यांची तुलना करून तिचा गुण पारखण्यात आला. हाफकिन यांचा पराक्रम वंदनीय आहे. तथापि जे काम शांततेच्या काळात व्हावयाचे, ते शहरात अंत्ययात्रांची रांग लागली असताना करावे लागले. परळ येथील प्रयोगशाळा उभी राहिली ती १८९९ साली.

याच्या उलट एक उदाहरण पुण्याचे आहे. १९५२ साली तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. त्या वेळी कोणतीही मोठी साथ दाराशी उभी नव्हती. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास हे तिचे शांतपणे चाललेले कार्य होते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासानूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासची माणसेही तापाने आजारी पडू लागली. प्रथम शंका आली ती पीतज्वराची. परंतु पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी नवा विषाणू शोधून काढला आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हेही पुढे सिद्ध झाले. हाच 'माकडताप' २०१५ आणि २०१६ साली गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांत आढळला, तेव्हा रोगाचे नाव, कारण आणि तपासणीची पद्धत आधीच हाती होती. साथ येण्यापूर्वी पाच वर्षे उभारलेल्या केंद्राचे हे फळ होय.

फडताळात राहिलेली लस

ज्ञान असूनही ते वेळेवर उपयोगी पडत नाही, याचे शल्य पश्चिम आफ्रिकेने भोगले. इबोलावरील एक लस कॅनडातील विनिपेगच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती आणि तिने माकडांचे रक्षण होते, हे २००५ साली प्रसिद्ध झाले होते. गरीब देशांच्या रोगात नफा नसल्यामुळे पुढील चाचण्यांचा खर्च उचलण्यास कोणी पुढे आले नाही. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत महासाथ भडकली, तेव्हा मनुष्यावरील पहिली चाचणी व्हावयास २०१४ सालचा उत्तरार्ध उजाडला. गिनीमधील मोठी चाचणी मार्च २०१५ मध्ये सुरू झाली. ती यशस्वी ठरली. परंतु तोपर्यंत साथ ओसरू लागली होती. त्या साथीत अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली.

पुढे काँगोमध्ये ८ मे २०१८ रोजी इबोलाची साथ जाहीर झाली आणि २१ मे रोजी तेथे लसीकरण सुरू झाले. लस तीच होती. फरक होता तो पूर्वतयारीचा. लसीचा साठा, चाचणीचा आराखडा आणि प्रशिक्षित माणसे यांची जुळवाजुळव आधीच झालेली होती.

२०२० : उत्तर मिळाले, पण पोहोचले काय?

कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची चाचणी झाली. १० मार्च २०२० रोजी तिच्या आराखड्याचा पहिला मसुदा झाला आणि १९ मार्चला पहिला रुग्ण दाखल करून घेण्यात आला. रुग्णालयांची एकच राष्ट्रीय यंत्रणा, संशोधनासाठी नेमलेल्या परिचारिका, एकमेकांशी जोडलेल्या नोंदी आणि सुटसुटीत संमतिपत्र यांमुळे नऊ दिवसांत हे घडू शकले. १६ जून रोजी निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन या जुन्या व अत्यंत स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. याच चाचणीने त्याच महिन्यात, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा रुग्णालयातील रुग्णांना लाभ होत नाही, हेही दाखविले. काय द्यावे हे कळणे जितके मोलाचे, तितकेच काय देऊ नये हे कळणेही मोलाचे असते.

भारतही मागे राहिला नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांत प्लाझ्मा उपचाराची रीतसर चाचणी केली. कोणास प्लाझ्मा द्यावयाचा, हे वैद्यांच्या इच्छेवर न ठेवता यदृच्छेने ठरविले गेले. प्लाझ्मा दिलेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न दिलेल्या २२९ रुग्णांपैकी ४१ जणांची तीच गत झाली. याचा अर्थ स्पष्ट होता. उपचाराने फरक पडत नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

परंतु देशाच्या उपचारविषयक मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट आली. मुले आपल्या पित्यासाठी, पती आपल्या पत्नीसाठी दात्याच्या शोधात रात्रंदिवस वणवण करीत राहिले. ज्या घटका आप्ताच्या उशाशी बसून काढावयाच्या, त्या रक्तपेढीच्या दारात गेल्या. प्रश्नाचे उत्तर देशातच, देशाच्याच रुग्णांच्या सहकार्याने मिळालेले होते. पण ते खाटेपर्यंत पोहोचले नाही. ४६४ रुग्णांनी दिलेल्या संमतीचे मोल समाजाला वेळेवर वसूल करता आले नाही, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

पूर्वतयारी म्हणजे काय?

पहिली गोष्ट, चाचण्यांचे आराखडे आधीच लिहून, नैतिकता समितीकडून तपासून ठेवावेत. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर ब्रिटनने असे काही अभ्यास मंजूर करून जणू निद्रिस्त अवस्थेत ठेवले होते. साथ येताच ते जागे करावयाचे, ही कल्पना. दुसरी गोष्ट, नोंदी. साध्या दिवसांत ज्या रुग्णालयात केसपेपर नीट लिहिला जात नाही, तेथे साथीच्या गर्दीत संशोधन होणे अशक्य. तिसरी गोष्ट, मिळालेला निष्कर्ष ठरावीक दिवसांत उपचारपद्धतीत उतरविण्याची जबाबदारी कोणा एकावर निश्चित असावी.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे लोकांचा विश्वास. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत सक्तीची झडती झाली आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. आफ्रिकेतही अंत्यसंस्काराच्या रूढींचा मान न राखता काम करणाऱ्या पथकांना लोकांनी विरोध केला. संशोधन हे माणसांवर नव्हे, माणसांसह करावयाचे असते. आपल्याला काय दिले जात आहे, का दिले जात आहे, आणि नकार दिल्यास उपचारात उणेपणा येणार नाही, हे रुग्णास त्याच्या भाषेत समजले पाहिजे. असा विश्वास साथीच्या दिवशी मागून मिळत नाही. तो वर्षानुवर्षांच्या सेवेतून जमा होतो.

येथेच धर्मादाय रुग्णालयांचे व सेवाभावी संस्थांचे स्थान महत्त्वाचे ठरते. परिसरातील कुटुंबे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. अशा संस्थांनी नोंदी चोख ठेवल्या, एक-दोन परिचारिकांना संशोधनाचे प्रशिक्षण दिले आणि मोठ्या चाचण्यांत सहभागी होण्याची सिद्धता ठेवली, तर त्यांचे दान एका रुग्णापुरते न राहता पुढील हजारोंच्या उपयोगी पडेल. वास्तू उभारणाऱ्या दात्याचे नाव शिळेवर कोरले जाते. नोंदवहीसाठी दिलेल्या देणगीची शिला लागत नाही. परंतु पुढील साथीत एखाद्या घरातील माणूस त्या नोंदीमुळे वाचू शकतो.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल, याविषयी मात्र शंका नाही. तोपर्यंत मिळालेला प्रत्येक शांत दिवस हा विहीर खोदण्याचा दिवस आहे.