काडतूस भरण्याचीं साधनें : स्वस्त आणि महाग



रेणापूरच्या बाजारांत एखादा जुना सोनार अजूनहि सांगेल कीं, एका तोळ्यांत शहाण्णव गुंजा भरतात. इंग्रजी अमदानींत तोळ्याचें वजन १८० ग्रेन ठरविण्यांत आलें. त्या हिशेबानें एक गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनांहून किंचित् अधिक. सोनाराच्या व्यवहारांत आतां ग्रॅम आला, परंतु बंदुकीच्या दारूचें वजन जगांत अनेक ठिकाणीं अजून ग्रेनांतच सांगतात. ज्या देशांत नेमबाज आपलीं रायफलीचीं काडतुसें घरीं पुन्हा भरतात, तेथें या कामाचीं साधनें स्वस्त घ्यावींत कीं महाग, हा वाद नित्य चालतो. त्याचें उत्तर सोनाराच्या काट्यापाशींच सांपडतें.

ठासणीची बंदूक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना भरण्याची क्रिया नवी नाहीं. शिंगांतील काळी दारू मापटीनें घ्यावयाची, नळींत ओतावयाची, वर चिंध्या आणि छर्रे ठासावयाचे, कीं बार तयार. येथें माप आकारमानाचें; तराजू कोणी जवळ बाळगीत नसे. काळी दारू स्वभावानें थोडी सहनशील. चिमूटभर उणेंअधिक झालें तर धूर आणि आवाज बदले, बहुधा त्याहून अधिक कांहीं होत नसे. बहुधा म्हणावयाचें, कारण निष्काळजीपणानें फुटलेल्या नळ्याहि पुष्कळ आहेत.

१८८४ सालीं फ्रान्समध्यें पोल व्हिएय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि हा सारा हिशेब पालटला. ही दारू थोडक्यांत मोठें काम करते. पण पुंगळींतील जागा तीच असतां दारू थोडी वाढली कीं दाब त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. दिसावयास सारख्या दोन दारूंचे गुणहि भिन्न असतात. म्हणून येथें मापटी पुरत नाहीं, वजन करावें लागतें, आणि तेंहि ग्रेनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत. गुंजेचे एकोणीस भाग कल्पावे आणि त्यांतील एकाची चूक ओळखावी, इतका हा काटा नाजूक हवा.

आतां साधनांकडे वळूं. रायफलीच्या काडतुसाचे चार घटक : पितळी पुंगळी, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. बार झाल्यावर पुंगळी तेवढी उरते. जुनी टोपी काढून, फुगलेली पुंगळी पोलादी साच्यांत दाबून पूर्ववत् करावयाची आणि मग उरलेले तीन घटक नवे बसवावयाचे. अमेरिकेंतील ली नांवाच्या कारखानदारानें यासाठीं लहानशी हातपेटी काढली; तींत साचा आणि लांकडी हातोडीचे ठोके, एवढ्यावर काम भागतें. त्याच्या वरची पायरी म्हणजे तरफेचें दाबयंत्र, एका वेळीं एकच क्रिया करणारें. सर्वांत महाग तें फिरत्या तबकडीचें यंत्र. तरफ एकदां ओढली कीं एक काडतूस तयार होऊन पडतें. पहिल्या आणि शेवटच्या साधनाच्या किंमतींत दहापटींहून अधिक अंतर असतें.

हें अंतर कशाबद्दल द्यावयाचें? बव्हंशीं वेळाबद्दल. महागडें यंत्र गोळी अधिक नेमकी करीत नाहीं. उलट घाईंत एखादी पुंगळी दारूवांचून जाणें किंवा एखादींत दुप्पट पडणें, हा धोका तेथें जास्त, कारण प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून जात नाहीं. साधें बिडाचें दाबयंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. काटकसर करावयाची तर तेथें खुशाल करावी. काट्यांत मात्र करूं नये. स्वस्त विजेचा काटाहि दहावा हिस्सा दाखवितो. पण दाखविणें निराळें आणि तोलणें निराळें. पंख्याची झुळूक लागली, बॅटरी उतरली, खोली तापली, कीं आंकडा सरकूं लागतो. साधा दांडीचा तराजू आणि त्यासोबत खात्रीचीं वजनें, ही जोडी चकाकणाऱ्या यंत्राहून भरंवशाची. हें सांगण्यास सोनाराची साक्ष पुरे.

हें ऐकून रेणापूरच्या एखाद्या तरुणाच्या मनांत परदेशांतून अशी पेटी मागविण्याचें येईल, तर त्यानें प्रथम कायदा वाचावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत दारूगोळ्याच्या व्याख्येंतच त्याचे भाग आणि तो बनविण्याचीं यंत्रें येतात. परवान्यावांचून तो बनविणें हा गुन्हा आहे. त्याच अधिनियमानें पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची निराळी सोय केलेली आहे. तूर-हरभऱ्यांत रानडुकरें शिरतात, रात्रभर राखण करावी लागते, हें दुःख खरें; परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. तेथें १९७२ चा वन्यजीव कायदा आड येतो, आणि काळविटासारख्या प्राण्याबाबत तर तो फारच कडक आहे.

नेमबाजीचा नाद असेल त्याची गोष्ट निराळी. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. या स्पर्धेंतील बावीस बोअरचें काडतूस पुन्हा भरतांच येत नाहीं. त्याला निराळी टोपी नसते. पेटणारें द्रव्य बुडाच्या पोकळ कडेंत भरलेलें असतें आणि घोड्याचा आघात ती कडच चेपून टाकतो. एक बार, कीं पुंगळी संपली. येथें साधनांचा वाद मिटतो आणि पैशाचा प्रश्न उघडा पडतो, कारण सरावाचा प्रत्येक बार विकतच घ्यावा लागतो.

म्हणून जाणते नेमबाज निराळी युक्ति करतात. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें आणून, रायफल शिकंज्यांत घट्ट बसवून, त्यांचीं छिद्रें कागदावर किती जवळ पडतात तें पाहतात. पुष्कळदां महाग डबीहून मध्यम किंमतीची एखादी घाणी त्या विशिष्ट नळीस अधिक मानवते. ती सांपडली, कीं डबीवरचा घाणीचा क्रमांक टिपून ठेवतात आणि ऐपत असेल तेवढ्या डब्या त्याच क्रमांकाच्या घेतात.